यंत्रशाळेतील उत्पादन नियोजन आणि गोल प्रोग्रॅमिंग : परस्परविरोधी उद्दिष्टांचा विचार

सारांश

लघुउद्योगातील यंत्रशाळेला एकाच वेळी अनेक उद्दिष्टे सांभाळावी लागतात. मालाची वेळेवर पोच, यंत्रांचा पुरेपूर वापर, कामगारांवरील मर्यादित ताण आणि समाधानकारक नफा ही त्यांतील प्रमुख होत. केवळ नफा महत्तम करणारे लीनिअर प्रोग्रॅमिंगचे प्रतिमान अशा परिस्थितीत अपुरे पडते. गोल प्रोग्रॅमिंग ही पद्धती प्रत्येक उद्दिष्टाला एक लक्ष्य देते आणि त्या लक्ष्यापासून होणारी विचलने अग्रक्रमाने कमी करते. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा उगम व स्वरूप सांगून एका कल्पित यंत्रशाळेच्या साप्ताहिक योजनेच्या आधारे तिचा उपयोग स्पष्ट केला आहे. उद्दिष्टांचा अग्रक्रम बदलला की उत्तर बदलते आणि तूट कोणाच्या वाट्याला येते तेही बदलते. म्हणून अग्रक्रम ठरविणे हा गणिती नव्हे, तर व्यवस्थापकीय व सामाजिक निर्णय आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : गोल प्रोग्रॅमिंग, उत्पादन नियोजन, विचलन, अग्रक्रम, भारांक, लघुउद्योग

१. प्रस्तावना

कोल्हापूर परिसरातील शिरोली, गोकुळ शिरगाव यांसारख्या औद्योगिक वसाहतींमध्ये फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर टर्निंग, ड्रिलिंग, बोअरिंग अशी कामे करणाऱ्या लहानमोठ्या यंत्रशाळा आहेत. अशा ठिकाणी आठवड्याच्या सुरुवातीला मालक किंवा पर्यवेक्षक यांच्यापुढे एकच प्रश्न असतो : कोणता जॉब किती नग घ्यायचा ? प्रश्न वरवर साधा वाटला, तरी त्याच्या उत्तरावर ग्राहकाशी असलेला संबंध, कामगाराचा रविवार आणि महिनाअखेरची शिल्लक अवलंबून असते.

या प्रश्नाचे परंपरागत गणिती उत्तर लीनिअर प्रोग्रॅमिंग देते. जॉर्ज डान्टझिग यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या सिम्प्लेक्स पद्धतीमुळे मर्यादित साधनसामग्रीतून महत्तम नफा देणारे उत्पादन मिश्रण काढणे सुकर झाले. वाणिज्य, गणित आणि व्यवस्थापन या शाखांच्या अभ्यासक्रमांतून हा विषय अनेक वर्षे शिकविला जात आहे. तथापि या पद्धतीत उद्दिष्ट एकच असावे लागते आणि उरलेल्या सर्व अपेक्षा न ओलांडता येणाऱ्या मर्यादांच्या रूपात मांडाव्या लागतात. प्रत्यक्षात मात्र बहुतेक अपेक्षा लवचीक असतात. ग्राहक दोनचार नग पुढील आठवड्यात घेतो, कामगार काही तास अधिक थांबतात आणि मालक थोड्या कमी नफ्यावरही समाधान मानतो. ही लवचीकता गणिताच्या भाषेत आणण्याचे काम गोल प्रोग्रॅमिंग करते.

२. संकल्पनेचा उगम

गोल प्रोग्रॅमिंगचे बीज १९५५ मध्ये अब्राहम चार्न्स, विल्यम कूपर आणि आर. ओ. फर्ग्युसन यांनी ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात आढळते. त्या निबंधाचा विषय उत्पादनाचा नसून अधिकाऱ्यांच्या वेतनाचा होता. अधिकाऱ्यांच्या गुणवैशिष्ट्यांवरून वेतनाचे सूत्र बसवायचे, परंतु वरिष्ठाला कनिष्ठापेक्षा कमी वेतन मिळू नये ही अटही पाळायची, असा तो प्रश्न होता. लेखकांनी प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांमधील विचलनांची बेरीज लीनिअर प्रोग्रॅमिंगने लघुतम केली. पुढे १९६१ च्या ग्रंथात चार्न्स व कूपर यांनी या पद्धतीला ‘गोल प्रोग्रॅमिंग’ हे नाव दिले. युजी इजिरी यांनी १९६५ मध्ये अग्रक्रमांची कल्पना विकसित केली, तर संग ली (१९७२) व जेम्स इग्निझिओ (१९७६) यांच्या ग्रंथांमुळे पद्धतीचा प्रसार झाला.

या गणिती विकासाशी एक वैचारिक सूत्र जुळते. हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकात असे मांडले की, प्रत्यक्ष व्यवहारातील निर्णयकर्ता सर्वोत्तम पर्याय शोधत नाही. आपल्या अपेक्षेची पातळी गाठणारा, म्हणजे ‘पुरेसा समाधानकारक’ पर्याय मिळाला की तो थांबतो. सायमन यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गोल प्रोग्रॅमिंगमधील ‘लक्ष्य’ हे अशा अपेक्षापातळीचेच गणिती रूप मानता येते.

३. पद्धतीचे स्वरूप

या पद्धतीत चार घटक असतात. पहिला घटक निर्णयचलांचा, म्हणजे किती नग करायचे या अज्ञात संख्यांचा. दुसरा घटक कठोर मर्यादांचा. उपलब्ध कास्टिंगपेक्षा अधिक माल वापरता येत नाही, ही कठोर मर्यादा होय. तिसरा घटक लक्ष्यांचा. प्रत्येक लक्ष्याच्या समीकरणात दोन विचलने घातली जातात : लक्ष्यापेक्षा जितके कमी पडले ती ‘तूट’ (त) आणि जितके अधिक झाले ती ‘वाढ’ (व). दोन्ही ऋण नसतात आणि एकाच वेळी दोन्ही शून्याहून अधिक असत नाहीत. चौथा घटक उद्दिष्टफलाचा. त्यात नफा किंवा खर्च थेट येत नाही. नको असलेली विचलने तेवढी येतात आणि ती लघुतम करायची असतात.

कोणते विचलन नकोसे आहे हे लक्ष्याच्या स्वरूपावर अवलंबून असते. मागणीच्या बाबतीत तूट नको असते, ओव्हरटाइमच्या बाबतीत वाढ नको असते, तर एखाद्या भागाचे माप नेमके राखायचे असेल तर दोन्ही नको असतात.

विचलने लघुतम करण्याचे दोन मार्ग आहेत. अग्रक्रम पद्धतीत उद्दिष्टांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम दिले जातात. प्रथम पहिल्या क्रमाचे विचलन लघुतम करायचे, मग ते त्याच पातळीवर कायम ठेवून दुसऱ्या क्रमाकडे वळायचे, अशा टप्प्यांनी उत्तर काढले जाते. भारांक पद्धतीत प्रत्येक विचलनाला त्याच्या महत्त्वानुसार भारांक देऊन त्यांची एकत्रित बेरीज लघुतम केली जाते.

४. उदाहरण : एका यंत्रशाळेची साप्ताहिक योजना

पुढील यंत्रशाळा व तिचे आकडे कल्पित असून ते केवळ पद्धतीच्या स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत. या यंत्रशाळेत पाच लेथ असून प्रत्येकावर एक कामगार आठवड्याला ४८ तास काम करतो. म्हणजेच लेथचे नियमित २४० तास उपलब्ध आहेत. तेथे पंपाची बॉडी (क्ष नग) आणि फ्लायव्हील (य नग) असे दोन जॉब होतात. एका पंप बॉडीला लेथचे २ तास व २० किलो वजनाचे कास्टिंग लागते. नगामागे ५०० रु. नफा मिळतो. एका फ्लायव्हीलला ३ तास व ५० किलोचे कास्टिंग लागते. नगामागे ६०० रु. नफा मिळतो. नियमित वेतन आठवड्याला ठरलेलेच असल्याने ते या नफ्यातून वजा केलेले नाही. नियमित वेतन तासाला ७५ रु. धरल्यास ओव्हरटाइमचा दर दुप्पट, म्हणजे १५० रु. होतो. आठवड्याचे ४८ तास आणि जादा कामाला दुप्पट वेतन ही तत्त्वे १९४८ च्या कारखाने अधिनियमात होती आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेतही ती कायम राहिली. फाउंड्रीकडून आठवड्याला ४,००० किलो कास्टिंग मिळते. फ्लायव्हीलची मागणी ४० आणि पंप बॉडीची ७५ नगांची आहे.

प्रथम मागणी बाजूला ठेवून, नियमित तासांत केवळ नफा महत्तम करू पाहिल्यास काय होते ? लेथच्या एका तासामागे पंप बॉडी २५० रु. मिळवून देते, तर फ्लायव्हील २०० रु. साहजिकच लीनिअर प्रोग्रॅमिंगचे उत्तर १२० पंप बॉडी, शून्य फ्लायव्हील आणि ६०,००० रु. नफा असे येते. हे उत्तर कोणताही व्यवस्थापक स्वीकारणार नाही. फ्लायव्हीलचा ग्राहक रिकाम्या हाताने परत जातो आणि मागणी नसलेल्या ४५ पंप बॉडी गोदामात पडून राहतात.

मग दोन्ही मागण्या कठोर मर्यादा म्हणून घातल्या, तर लेथचे १५० अधिक १२०, म्हणजे २७० तास लागतात. उपलब्ध तास २४० च आहेत. अशा वेळी लीनिअर प्रोग्रॅमिंग ‘उत्तर अस्तित्वात नाही’ एवढेच सांगते. गणिताच्या दृष्टीने ते बरोबर आहे; परंतु सोमवारी सकाळी यंत्रे सुरू करायची असतातच. अडचण नेमकी किती आहे आणि ती कोठे सामावून घेता येईल, हे त्या उत्तरातून कळत नाही.

गोल प्रोग्रॅमिंगमध्ये हाच प्रश्न पुढीलप्रमाणे मांडला जातो.

फ्लायव्हीलची मागणी : य + त१ − व१ = ४०
पंप बॉडीची मागणी : क्ष + त२ − व२ = ७५
लेथचे तास : २क्ष + ३य + त३ − व३ = २४०
नफा : ५००क्ष + ६००य − १५०व३ + त४ − व४ = ६०,०००
कास्टिंग (कठोर मर्यादा) : २०क्ष + ५०य ≤ ४,०००

येथे त१, त२, व३ आणि त४ ही नको असलेली विचलने आहेत. व३ म्हणजे ओव्हरटाइमचे तास. त्यांचे वेतन नफ्याच्या समीकरणातून वजा केले आहे. आता प्रश्न ‘उत्तर आहे की नाही’ असा न राहता ‘कोणती तूट कोणी सोसायची’ असा होतो.

५. अग्रक्रम आणि त्यांचे परिणाम

त्याच समीकरणांना पाच निरनिराळे अग्रक्रम दिले असता मिळणारी उत्तरे खालील तक्त्यात दिली आहेत.

| योजना | अग्रक्रम | पंप बॉडी | फ्लायव्हील | ओव्हरटाइम (तास) | नफा (रु.) |
|---|---|---|---|---|---|
| १ | फ्लायव्हील, ओव्हरटाइम, पंप बॉडी, नफा | ६० | ४० | ० | ५४,००० |
| २ | फ्लायव्हील, पंप बॉडी, ओव्हरटाइम, नफा | ७५ | ४० | ३० | ५७,००० |
| ३ | नफा, फ्लायव्हील, पंप बॉडी, ओव्हरटाइम | ९० | ४० | ६० | ६०,००० |
| ४ | ओव्हरटाइम, पंप बॉडी, फ्लायव्हील, नफा | ७५ | ३० | ० | ५५,५०० |
| ५ | ओव्हरटाइम, नफा, फ्लायव्हील, पंप बॉडी | १२० | ० | ० | ६०,००० |

पहिल्या योजनेचे टप्पे पाहिले म्हणजे पद्धतीचे कार्य स्पष्ट होते. पहिल्या टप्प्यात फ्लायव्हीलची तूट शून्य करण्यासाठी किमान ४० नग घेतले जातात. त्यांना लेथचे १२० तास लागतात. दुसऱ्या टप्प्यात ओव्हरटाइम शून्य राखायचा असल्याने पंप बॉडीसाठी १२० तासच उरतात. तिसऱ्या टप्प्यात त्या तासांतून ६० पंप बॉडी होतात व १५ नगांची तूट राहते. चौथ्या टप्प्याला निवडीसाठी काहीच उरत नाही आणि नफा लक्ष्यापेक्षा ६,००० रुपयांनी कमी पडतो.

पहिली व दुसरी योजना यांची तुलना उद्‌बोधक आहे. दुसऱ्या योजनेत ३० तासांच्या ओव्हरटाइमच्या बदल्यात १५ पंप बॉडी अधिक मिळतात आणि वेतन देऊनही नफा ३,००० रुपयांनी वाढतो. तिसऱ्या योजनेत आणखी ३० तास व आणखी ३,००० रु. दिसतात. परंतु या वेळच्या १५ पंप बॉडींना ग्राहक नाही. त्यांचा नफा कागदावर आहे, तर कामगाराचे तास मात्र प्रत्यक्ष खर्च झालेले आहेत. केवळ नफ्याच्या रकान्याकडे पाहणाऱ्यास हा फरक दिसणार नाही. विचलनांचे सर्व रकाने शेजारी शेजारी ठेवल्यामुळेच तो उघड होतो. व२ हे विचलनही, म्हणजे मागणीपेक्षा अधिक झालेले उत्पादनही, उद्दिष्टफलात घ्यावे की काय, हा विचार अशा तुलनेतूनच सुचतो.

पहिली व चौथी योजना यांतील निवड दोन ग्राहकांमधील निवड आहे. दोन्हींत ओव्हरटाइम नाही. एकीत १५ पंप बॉडी कमी पडतात, तर दुसरीत १० फ्लायव्हील. फ्लायव्हीलच्या ग्राहकाला पुढे ठेवण्याची किंमत आठवड्याला १,५०० रु. आहे. संबंध जुना असेल, देणी वेळेवर मिळत असतील, तर मालक ही किंमत आनंदाने मोजेल. पण ती किती आहे हे त्याला आधी ठाऊक असावे.

पाचवी योजना विशेष लक्षणीय आहे, कारण ती लीनिअर प्रोग्रॅमिंगच्या मूळ उत्तराशी तंतोतंत जुळते. नफा महत्तम करणारे प्रतिमान तटस्थ असल्याचा समज त्यामुळे दूर होतो. त्या प्रतिमानातही अग्रक्रम होताच. फक्त तो उघडपणे सांगितलेला नव्हता.

६. भारांकांचा प्रश्न

अग्रक्रम पद्धतीत वरच्या क्रमाच्या उद्दिष्टापुढे खालच्या क्रमाचे उद्दिष्ट कितीही मोठे असले तरी गौण ठरते. पहिल्या योजनेत एका तासाचाही ओव्हरटाइम चालत नाही, मग त्यामुळे पंप बॉडीचा ग्राहक दुरावला तरी हरकत नाही, असा तिचा अर्थ होतो. व्यवहारात इतकी टोकाची भूमिका क्वचितच घेतली जाते. अशा वेळी भारांक पद्धती उपयोगी पडते.

परंतु नग, तास आणि रुपये यांची सरळ बेरीज करता येत नाही. तशी केल्यास हजारांत मोजला जाणारा रुपया इतर सर्व विचलनांना झाकून टाकतो. म्हणून प्रत्येक विचलनाला त्याच्या लक्ष्याने भागून त्याची टक्केवारी काढणे हा प्रचलित उपाय आहे. प्रस्तुत उदाहरणात चारही टक्केवारींना समान भारांक दिल्यास दुसरी योजना सर्वोत्तम ठरते : ओव्हरटाइम २४० पैकी ३०, म्हणजे १२.५ टक्के आणि नफ्यातील तूट ५ टक्के, एकूण १७.५ टक्के. पहिल्या योजनेत हीच बेरीज २० व १० मिळून ३० टक्के होते. मात्र ओव्हरटाइमचा भारांक तिप्पट केला की दुसऱ्या योजनेची बेरीज ४२.५ वर जाते आणि पहिली योजना सर्वोत्तम ठरते. भारांक बरोबर दुप्पट असताना मात्र या दोन योजनांची बेरीज सारखीच, ३० टक्के, येते. म्हणजे त्याच यंत्रशाळेचे, त्याच आठवड्याचे उत्तर एका अंकाने पालटते. हा अंक कोणत्याही संगणकातून येत नाही.

७. मर्यादा व दक्षता

या पद्धतीचा अवलंब करताना काही गोष्टींचे भान ठेवणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट लक्ष्याच्या निवडीची. लक्ष्य फार खाली ठेवले, तर सर्व उद्दिष्टे साध्य होऊनही साधनसामग्री वाया जाऊ शकते. उदाहरणार्थ, पंप बॉडीच्या मागणीचे लक्ष्य वगळून ४० फ्लायव्हील, शून्य ओव्हरटाइम आणि ५०,००० रु. नफा एवढीच लक्ष्ये ठेवली, तर ५२ पंप बॉडी व ४० फ्लायव्हील हे उत्तर तिन्ही लक्ष्ये पूर्ण करते. परंतु त्यात लेथचे १६ तास मोकळे राहतात आणि आणखी ८ पंप बॉडी सहज होऊ शकल्या असत्या. म्हणून उत्तर मिळाल्यावर कोणालाही तोटा न होता त्यात सुधारणा शक्य आहे काय, हे तपासावे.

दुसरी गोष्ट कठोर मर्यादा आणि लक्ष्य यांतील भेदाची. ओव्हरटाइम कमी राखणे हे लक्ष्य असू शकते. परंतु कायद्याने घातलेली ओव्हरटाइमची कमाल मर्यादा हे लक्ष्य नव्हे. ती कठोर मर्यादा म्हणूनच मांडली पाहिजे. दुसऱ्या योजनेत प्रत्येक कामगाराला आठवड्याला ६ तास अधिक काम पडते. हीच योजना १३ आठवड्यांची तिमाहीभर चालविल्यास ते ७८ तास होतात, तर तिसऱ्या योजनेत १५६ तास होतात. एका आठवड्यापुरती ग्राह्य वाटणारी योजना तिमाहीच्या हिशेबात अग्राह्य ठरू शकते. यंत्राची सुरक्षितता व कामगाराचे आरोग्य यांबाबतही हेच म्हणता येईल.

तिसरी गोष्ट प्रतिमानाच्या साधेपणाची. प्रत्यक्ष यंत्रशाळेत जॉब बदलताना सेटिंगला वेळ जातो, कास्टिंगमध्ये दोष निघतात, वीजपुरवठा खंडित होतो आणि काही काम शेजारच्या यंत्रशाळेकडे जॉबवर्क म्हणून देता येते. या बाबींसाठी अधिक चले व मर्यादा घ्याव्या लागतात. नगांची संख्या पूर्णांकातच हवी, ही अटही घालावी लागते. प्रस्तुत उदाहरणात पूर्णांक आपोआप मिळाले आहेत. एका आठवड्याची तूट पुढील आठवड्याच्या मागणीत मिळवून बहुकालिक प्रतिमानही तयार करता येते.

गणनेची अडचण मात्र आता फारशी उरलेली नाही. एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्क यांतील सॉल्व्हर सुविधेने लहान यंत्रशाळेचा प्रश्न टप्प्याटप्प्याने सोडविता येतो. प्रत्येक टप्प्यानंतर मिळालेले विचलन पुढील टप्प्यासाठी मर्यादा म्हणून नोंदविणे एवढेच करावे लागते.

८. अध्यापनातील उपयोग

महाविद्यालयीन अध्यापनात हा विषय अनेक शाखांना जोडू शकतो. दोन चलांचा प्रश्न आलेखावर सोडविता येत असल्याने गणिताच्या वर्गात तो सहज घेता येतो. वाणिज्य शाखेत विचलनांचा परिव्यय-लेखांकनाशी संबंध दाखविता येतो. अर्थशास्त्रात समाधानकारक निर्णय आणि महत्तम लाभ यांतील भेद मांडता येतो, तर समाजशास्त्रात कामाचे तास कोण ठरवतो या प्रश्नाची चर्चा करता येते. विद्यार्थ्यांचे गट पाडून एकाला मालकाची, एकाला कामगारांची आणि एकाला ग्राहकाची भूमिका दिली व प्रत्येकाकडून अग्रक्रम मागविले, तर एकाच समीकरणसंचातून वेगवेगळ्या योजना कशा निघतात हे त्यांना स्वतः पडताळून पाहता येईल.

९. समारोप

गोल प्रोग्रॅमिंगचे वैशिष्ट्य ते अधिक अचूक उत्तर देते यात नसून, ते प्रश्न अधिक प्रामाणिकपणे मांडते यात आहे. जेथे सर्व अपेक्षा एकाच वेळी पूर्ण होऊ शकत नाहीत, तेथे कोणाची तरी अपेक्षा अपुरी राहणारच. ती ग्राहकाची असेल, कामगाराची असेल किंवा मालकाची असेल. एरवी ही निवड सवयीने किंवा दडपणाखाली होते आणि तिची किंमत मागाहून कळते. या पद्धतीत निवड आधी लिहून काढावी लागते आणि तिची किंमत नगांत, तासांत व रुपयांत समोर येते.

तथापि अग्रक्रम कोणता असावा, हे पद्धती सांगत नाही. सांगू शकतही नाही. विवेचनातील पाचही योजना गणिताच्या दृष्टीने सारख्याच निर्दोष आहेत. त्यांतील एक निवडणे ही जबाबदारी माणसांची आहे. ज्यांना त्या निवडीचे परिणाम भोगायचे आहेत त्यांना अग्रक्रम ठरविण्याच्या चर्चेत स्थान मिळाले, तर या गणिताचा खरा उपयोग झाला असे म्हणता येईल.